धुवू नये

गल्लीत त्यांना डागदर म्हणत. माणसांचे नव्हेत, कपड्यांचे. शाई असो, तेल असो, समारंभाच्या कोटावर सांडलेलं सरबत असो, कपडा काउंटरवर आला की ते चष्मा कपाळावर चढवत, डाग अंगठ्याने चाचपत आणि नुसतं "हं" म्हणत. त्या एका "हं"वर गिऱ्हाईक निश्चिंत होऊन घरी जाई. दुकान खाली, घर वर. खाली दोन मोठी मशीन, एक ड्रायर, वाफेची इस्त्री आणि तारेवर टांगलेले धुतलेले कोट. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. तीस वर्षं हा संसार साबणाच्या वासात मुरला होता. मासळीवाल्याला मासळीचा वास येत नाही म्हणतात, तसा यांना दोघांनाही साबणाचा येत नसे.

कपड्यांच्या आत शिवलेली लेबलं ते वाचत नसत. पाण्यात घालू नये, पिळू नये, उन्हात वाळवू नये. त्यांचं म्हणणं असं, की ही लेबलं भित्र्या माणसांनी लिहिलेली असतात. कापड स्वतः बोलतं, लेबल नुसतं कुरकुरतं. एखादी बाई काकुळतीने सांगे, हे धुवू नका हो, नुसती इस्त्री फिरवा, माझ्या आईची आठवण आहे. हे मान डोलवत, आणि बाईची पाठ वळली की त्या आठवणीला थंड पाण्यात, बाळाला न्हाऊ घालावं तसं न्हाऊ घालत. चार दिवसांनी बाई येई, आणि रंग पाहून कपडा छातीशी धरी. तीस वर्षांत अंदाज एकदाही चुकला नव्हता. माणूस असा सारखा बरोबर येत गेला, की देव मागून हळूच येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. ती ही गोष्ट.

मांजर आणायचं वहिनींच्या मनात आलं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्लीच तिला वहिनी म्हणे, आणि कधीकधी चुकून तेसुद्धा. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्याला तीन वर्षं झाली होती. रविवारी फोन येई, आणि उरलेले सहा दिवस घर इतकं नीटनेटकं असे की अंगावर येई. गावाबाहेर बेवारस प्राण्यांचं शेल्टर होतं. डागदर म्हणाले, आणायचंच तर पिल्लू आणू. वहिनी म्हणाली, "पिल्लं काय, सगळेच नेतात. मोठीला कोण नेणार? आणि आपण तरी आता कुठं पिल्लं आहोत?" नवऱ्याने पायात चपला सरकवल्या.

शेल्टरमध्ये सात नंबरच्या पिंजऱ्यात एक राखाडी मांजरी भिंतीकडे तोंड करून बसली होती. वय नऊ. कपाळावर काळा गोल ठिपका, म्हणून कार्डावर नाव होतं गुंडी. तिच्या मालकीणबाई वारल्या होत्या आणि म्हाताऱ्या मालकांना मुलीकडे जाऊन राहावं लागलं होतं; तिथे नातीला दमा. पिंजऱ्यात गुंडीच्या अंगाखाली विटकरी रंगाची, हाताने विणलेली लोकरीची शाल होती. शालीला एक चिठ्ठी टाचलेली होती, जाड अक्षरात: धुवू नये.

शेल्टरच्या बाई पलीकडे वहिनीला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होत्या. डागदर दुसऱ्या टेबलावर फॉर्म भरत होते. नाव, पत्ता, धंदा. त्यांचं अर्धं लक्ष शालीकडे होतं. हातविणीचा टाका, खरी लोकर, रंगही पक्का असावा. आणि कोपऱ्यात एक डाग. चहाचा. जुना.

चिठ्ठी त्यांनी वाचली. वाचून मनात हसले, हे आपण आत्ताच सांगून टाकू.

पहिले तीन दिवस गुंडी मागच्या खोलीतल्या खोक्यात शालीत नाक खुपसून पडून होती. कोणी आत गेलं की एक डोळा उघडे, लांबच्या नातेवाइकाने फुकट्या पाहुण्याकडे पाहावं तसा. वहिनी म्हणाली, ही मांजर नव्हे, माहेरपणाला आलेली आत्याबाई आहे. हिला इथलं काहीच पसंत नाही. तेव्हापासून तिला आत्याबाई हे नाव पडलं, पण हाक मारायची तर गुंडीच म्हणायचं, असा वहिनीचा दंडक होता. मोठ्या वयात नाव बदललं की माणूससुद्धा बावरतं, म्हणे.

चौथ्या दिवशी आत्याबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. सहाव्या दिवशी वहिनीने बशीत ठेवलेला उकडलेला मासा तिच्या देखत खाल्ला. आठव्या दिवशी स्वयंपाकघरातून जाताजाता तिच्या घोट्याला डोकं घासलं, आणि जणू काही केलंच नाही अशा थाटात पुढे गेली. वहिनी ओट्याशी तशीच उभी राहिली, हलली नाही. भांड्यातलं पाणी उकळून निम्मं झालं. संध्याकाळी तिने ही हकीकत नवऱ्याला तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना डोकं घासल्याची जागाही दाखवली. डागदरांनी चष्मा कपाळावर चढवून घोटा पाहिला आणि "हं" म्हणाले.

आता ऐका, कसं होतं ते. मंगळवारी सकाळी, म्हणजे दहाव्या दिवशी, वहिनी बाजारात गेली. गुंडी पुढच्या खिडकीत ऊन खात होती. दुकान उघडायला अजून तास होता. डागदर मागच्या खोलीत गेले, तर खोक्यात शाल एकटीच. तो चहाचा डाग त्यांच्याकडे पाहत होता. बाकी माणसांना डाग दिसतो. यांच्याकडे तो पाही. त्यांच्या मनात आलं, बायकोला मांजरीची इतकी माया, मांजरीला शालीची इतकी माया. आपण आपल्या हाताने जे येतं ते करावं. आपल्याला दुसरं येतं तरी काय? वाईट हेतू कणभर नव्हता, हे देवालाही ठाऊक आहे. पण हेतू चांगला असला म्हणून पाणी कमी ओलं होत नाही.

चिठ्ठीची पिन त्यांनी काळजीपूर्वक काढली. शाल थंड पाण्यात बुडवली. लोकरीचा सौम्य साबण, मग शिरक्याचे चार थेंब. डागाला आधी ग्लिसरीन लावून ठेवलं, मग बोटाच्या पेराने गोल गोल, न घासता. तो अर्ध्या तासात विरघळला. पाणी मळकट निघालं, दुसरं कमी मळकट, तिसरं स्वच्छ. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली, पिळली नाही. ड्रायर गार हवेवर. साडेदहाला शाल नव्यासारखी मऊ, हलकी, कोऱ्या विटेच्या रंगाची होऊन हातात आली, आणि त्यांना वाटलं, तीस वर्षांत इतकं सुंदर काम आपल्या हातून झालं नाही. चार घड्या घालून त्यांनी ती खोक्यात ठेवली. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली.

गुंडी आली. खोक्यात पाय ठेवला आणि काढून घेतला. घडीला नाक लावलं, पलीकडून लावलं, पंजाने एक पदर उलटून आत लावलं. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि एक आवाज काढला. म्याँव नव्हे. घराचं दार उघडावं आणि आत दुसऱ्याच कुणाचा संसार दिसावा, तेव्हा माणूस जे म्हणेल, ते. त्यानंतर ती कपाटामागे गेली.

डागदरांना वाटलं, येईल. शाल अजून थोडी गार असेल.

दुपारी ती जेवली नाही. रात्रीचा मासा तसाच राहिला. वहिनीने मनगट पुढे केलं. त्यावर लांब ओरखडा होता. सकाळी बाजारात निघताना तिला राहवलं नव्हतं, गुंडीला उचलून छातीशी धरलं होतं. "बाईंनी बजावलं होतं, पंधरा दिवस उचलू नका. मी मेलीने दहाव्या दिवशी उचललं. घाबरली ती." मग कपाटाखाली वाकून पाहत सहज म्हणाली, "बरं, निदान शाल तरी आहे तिची. बाई म्हणाल्या, तिच्या पहिल्या घराचा वास त्या शालीतच आहे. तेवढं एकच तिचं असं उरलंय. म्हणून तर धुवायची नाही म्हणाल्या. आहे ना हो खोक्यात?"

डागदरांनी ताटातली भाकरी मोडली.

"आहे," ते म्हणाले.

खरं बोलून खोटं बोलता येतं, हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं. शाल खोक्यात होतीच. नव्हतं ते, जे तिसऱ्या पाण्याबरोबर मोरीत गेलं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. जीभ उचललीही होती. पण वहिनी कपाटाखाली हात घालून "ये गं बाई, चुकलं माझं" म्हणत होती, आणि त्यांनी मनाशी ठरवलं, सकाळी सांगू. सकाळ झाली. सकाळी गिऱ्हाइकं होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, एवढंच असतं तर हसून मोकळे झाले असते. इथे झालेल्या मारुतीला ते पांघरूण घालून लपवत बसले होते.

बुधवारी गुंडीने पाण्यालासुद्धा तोंड लावलं नाही, निदान कोणाच्या देखत तरी. वहिनीने कोंबडी उकडली, मासा कुस्करला, बशी बदलली, बशीची जागा बदलली. शेवटी स्वतः खोलीबाहेर बसली; म्हणाली, माझं तोंड दिसलं नाही तर कदाचित खाईल. खाली दुकानात डागदर इस्त्री फिरवत होते. वर पावलं वाजत, थांबत, परत वाजत. एका पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर त्यांनी इस्त्री ठेवली आणि विसरले. उचलली तेव्हा पिवळा डाग पडला होता. तीस वर्षांतला पहिला. शर्टवाले गृहस्थ भले. म्हणाले, असू द्या हो डागदर, कोटाखाली जातो तो. त्यांच्या त्या भलेपणाने यांना जास्तच लागलं.

गुरुवारी वहिनीने शेल्टरला फोन केला. बाई म्हणाल्या, मोठं मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर परत घेऊन या, आमचे डॉक्टर नळीने भरवतील. मग दुसरं घर बघू. काही घरं जमत नाहीत, तुमचा दोष नाही. फोन ठेवल्यावर वहिनीने ओटा पुसायला घेतला. मग ती बोलायला लागली आणि डागदर ऐकत राहिले. म्हणाली, माझ्या हाताला पहिल्यापासून यश नाही. कुंडीतली झाडं माझ्याकडे जगत नाहीत, शेजारणीकडे तीच फोफावतात. मुलगा लहानपणी पडला तोही माझ्याच हातून सुटून. आता हे एवढं मुकं जनावर, नऊ वर्षं कुणीतरी जपलेलं; मी दहा दिवसांत त्याचं अन्न तोडलं.

डागदर म्हणाले, असं म्हणू नये. खिशातली ती चिठ्ठी त्यांनी रोज या शर्टातून त्या शर्टात घातली होती. फेकवत नव्हती, दाखवतही नव्हती. मळका कपडा निदान मळका दिसतो. हे वरून परीटघडीचे होते.

संध्याकाळी तिने पिंजरा पुसून घेतला. "सकाळी धावपळ नको," म्हणाली. तळाशी घालायला शाल घेतली. डागदरांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"ती नको घालूस. तिचा काही उपयोग नाही."

"म्हणजे?"

"मी धुतली."

तिने शाल उलगडली. डागाचा कोपरा शोधला, नव्हता. तिने ती नाकाला लावली आणि खाली घेतली, म्हणाली, "आपल्या नाकांना काय कळणार म्हणा." मग अगदी शांतपणे विचारलं, "कधी?"

"मंगळवारी. तू बाजारात गेलीस तेव्हा."

वहिनी खाली बसली. मंगळ, बुध, गुरू, असं तिने बोटांवर मोजलं. ती ओरडली असती, तर त्यांनी मान खाली घालून घेतलं असतं. ती ओरडली नाही.

"धुतलीत ते मी सोसलं असतं," ती म्हणाली. "धुणं तुमच्या हाडात आहे. मेल्यावरसुद्धा म्हणाल, पांढरं कापड जरा नीट धुवून घाला. पण तीन दिवस मी माझ्या हातांना शिव्या देत होते, आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता."

ते म्हणाले, माफ कर. ती म्हणाली, "मला आत्ता काही मागू नका. ज्यांची शाल होती त्यांना जाऊन सांगा. तिला दुसरा कसला वास ओळखीचा आहे ते त्यांनाच माहीत असेल."

शुक्रवारी सकाळी दुकानाला कुलूप होतं. शेल्टरच्या बाईंनी पत्ता दिला. म्हणाल्या, आजोबा दर आठवड्याला फोन करून विचारतात, जा, त्यांना बरं वाटेल. डागदरांनी शाल कागदात बांधली. गिऱ्हाइकाचा कपडा पोचवायला जावं तसे ते निघाले.

चौथा मजला. मुलगी कामावर गेलेली, नात शाळेत. आजोबांनीच दार उघडलं. उंच, वाकलेले, घरात असूनही गळ्यात करडा मफलर. चाळीस वर्षं पोस्टमन होते. गुडघे त्या चाळीस वर्षांनी खाल्ले, असं त्यांनी स्वतःच पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. डागदरांनी पाणीही घेतलं नाही. उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं: चिठ्ठी वाचली होती, मनात हसलो होतो, धुतली, मांजर जेवत नाही, आणि तीन दिवस बायकोलाही सांगितलं नाही. काही गाळलं नाही. तीन दिवस गाळून पाहिलं होतं, त्याने काय झालं ते दिसतच होतं.

आजोबांनी पुडा सोडला. शाल मांडीवर घेतली. आधी कोपरा पाहिला.

"इथे चहाचा डाग होता."

"काढला."

"ती बरीच वर्षं काढत होती. निघत नव्हता." त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "आमच्या जुन्या घरी मी हसवलं तिला, तेव्हा सांडला होता. काय बोललो ते आठवत नाही आता. डाग पाहिला की ती मात्र हसायची."

मग त्यांनी शाल दोन्ही हातांनी उचलून तोंड तिच्यात बुडवलं. बराच वेळ. खाली घेतली तेव्हा त्यांचा चेहरा पाहून डागदरांना उशिरा, फार उशिरा उमगलं. मांजर मालकीणबाईंची होती, म्हणजे शालही त्यांचीच. गेलेल्या बायकोची शेवटची खूण त्या माणसाने स्वतःजवळ ठेवली नव्हती, मांजरीला दिली होती. आणि दर आठवड्याला फोन करून ते नुसती मांजरीचीच चौकशी करत नसावेत.

"तुम्ही ती स्वतःजवळ का नाही ठेवलीत?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मला ती गेली हे ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "गुंडीला कुणी सांगितलं? तिला वाटत असणार, बाहेर गेलीय, येईल. म्हटलं, वाट बघायला काहीतरी असू द्यावं."

डागदर खाली बसले. खुर्ची होती, ते जमिनीवर बसले. रडले नाहीत. रडणं म्हणजे पुन्हा पाणीच, आणि पाण्याने काय केलं होतं ते समोर होतं. आजोबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "पावसाच्या दिवसांत टपाल भिजायचं. शाई पार धुतली जायची. तसलं पत्र दारात द्यायची लाज वाटायची मला. कोरा कागदच तो. पण लोक घ्यायचे. एकानेसुद्धा परत केलं नाही." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, ते मुद्द्यावर आले. गुंडीचं पोट. ती उपाशी राहून चालणार नाही. त्यांनी गळ्यातला मफलर काढला. "यात तिचा वास नाही. पण नऊ वर्षं रोज संध्याकाळी मी याच मफलरात त्या दोघींच्या समोर बसलोय. बशी याच्यावर ठेवा. मासा कोमट हवा. आणि तिच्याकडे पाठ करून बसा. रुसलेली असली आणि कुणी बघत असलं, की आमची गुंडी जेवत नाही."

डागदर मफलर घेऊन उठले. शाल आजोबांच्या मांडीवरच होती. त्यांनी ती पुन्हा कागदात बांधून हातात दिली.

"ही घेऊन जा. ती हिच्यावर झोपायला लागली की महिनाभर झोपू द्या. मग आणून द्या मला." दाराशी येऊन म्हणाले, "तशीच."

दुपारी वहिनीने मासा कोमट केला. मफलर कपाटासमोर पसरला, बशी वर ठेवली. नवराबायको कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसले, शिक्षा झालेल्या दोन शाळकरी पोरांसारखे. पिंजरा दाराशी तयार होता. खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. पाऊण तास गेला. डागदर मनातल्या मनात देवाला म्हणत होते, माझा हट्ट आहे असं समजू नकोस, तिच्यासाठी म्हणतो. आणि हे 'तिच्यासाठी' म्हणजे नक्की कोणासाठी, बायकोसाठी, मांजरीसाठी की त्या वारलेल्या बाईसाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग मागे बशी सरकल्याचा आवाज झाला. एकदा. थोड्या वेळाने चाटण्याचा. वहिनीने त्यांचा हात घट्ट धरला आणि लगेच सोडला. आपण अजून रागावलोय हे तिला आठवलं असावं.

संध्याकाळी पिंजरा माळ्यावर गेला.

वहिनीचा राग आठ दिवस चालला. त्या आठ दिवसांत ती नवऱ्याशी मांजरीमार्फतच बोले. "आत्याबाई, त्यांना म्हणावं पानं घेतलीत." "आत्याबाई, त्यांना विचार, हा शर्ट किती दिवस घालणार?" कारण डागदरांनी शर्ट बदलणं बंद केलं होतं. त्यांच्या डोक्यात आलं होतं, की आपल्या अंगाला स्वतःचा असा वासच नाही, साबणाचा आहे. मग या मुक्या जिवाने आपल्याला ओळखायचं तरी कशावरून? सात दिवस एकच शर्ट. गल्लीत हसं झालं. एक गिऱ्हाईक म्हणालं, डागदर, दिव्याखाली अंधार. ते "हं" म्हणाले. आठव्या दिवशी तो शर्ट खुर्चीवर टाकून ते न्हाणीघरात गेले. बाहेर आले तर गुंडी त्यावर वेटोळं करून बसलेली. वहिनी दारात उभी होती. "घ्या, आत्याबाईंना घाणेरडी माणसं आवडतात," ती म्हणाली, आणि ते सरळ त्यांनाच म्हणाली.

शालीवर मात्र गुंडी बसेना. खोक्यात ती मफलरवर बसे, आणि शालीला वळसा घालून जाई. तीन आठवडे वळसा घातला. चौथ्यात एका दुपारी ती शालीच्या काठावर बसली, पुढचे दोन पाय वर, मागचे बाहेर. मग थोडी आत सरकली. डागदर दिवसातून चारदा वर येऊन पाहत आणि खाली जात. शालीवर राखाडी केस जमले. एका कोपऱ्यात माशाचा तेलकट ठिपका पडला, नेमका चहाच्या डागाच्याच कोपऱ्यात, निदान त्यांना तसं वाटलं. कपड्यांवरचे केस काढायचा ब्रश त्यांच्या खिशात नेहमी असे. त्यांनी तो वहिनीकडे दिला आणि म्हणाले, ठेव तुझ्याजवळ.

महिना भरला तेव्हा त्यांनी शाल न झटकता घडी केली. खिशातली जुनी चिठ्ठी काढली. ती इतक्या शर्टांतून फिरून चुरगळली होती, अक्षरं फिकटली होती. त्यांनी त्याच अक्षरांवरून पेन फिरवून ती ठळक केली आणि पहिल्याच भोकांतून पिन घातली.

आजोबांनी पुडा सोडला, चिठ्ठी वाचली आणि किंचित हसले. शाल नाकाशी नेली. डागदर समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसून होते. निकालाची वाट पाहणारा माणूस असतो तसे. फक्त निकाल त्यांना आधीच माहीत होता.

"गुंडी आहे," आजोबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "आमची गुंडीच ही. माशाचा वाससुद्धा तोच."

त्यांनी पुन्हा श्वास घेतला, जास्त खोल. मग तिसऱ्यांदा, शालीची दुसरी बाजू उलटून, आतल्या घडीत नाक घालून. गुंडीने त्या मंगळवारी केलं होतं तसंच, अगदी तसंच.

"नुसती गुंडी आहे," ते म्हणाले.

डागदर उठायला लागले. आजोबांनी हाताने खूण केली, बसा. ते बसले. शाल आजोबांच्या गुडघ्यांवर होती आणि राखाडी केस त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला चिकटत होते, पण कुणी झटकले नाहीत. नातीचा दमा उसळू नये म्हणून ती शाळेतून यायच्या आत शाल कपाटात बंद करायला हवी होती. अजून तास होता.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, काय म्हणाले?

"बसा म्हणाले."

"मग?"

"बसलो," डागदर म्हणाले, आणि मांजर उठून जागा देईल का याची वाट बघत खुर्चीजवळ उभे राहिले.